शाळेच्या कार्यालयातील अनुभवी लिपिकाने रास्त पगारवाढ कशी मागावी

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या शाळेत वेतनवाढीचा तक्ता तयार होत असे आणि तो टंकण्याचे काम माझ्याकडे असे. वर शिक्षकांची नावे, त्यापुढे जुने वेतन, वाढ, नवे वेतन. आणि अगदी तळाशी ‘शिक्षकेतर’ या शीर्षकाखाली माझी, प्रयोगशाळा परिचराची आणि दोन शिपायांची नावे. माझ्या नावापुढच्या ‘वाढ’ या रकान्यात मी सलग पाच वर्षे माझ्याच हाताने आडवी रेघ टंकली. वरून काही सूचना आली नाही की रेघ मारायची, अशी कार्यालयाची रीत होती, आणि ती रीत मोडायची तर आधी कोणीतरी सूचना मागायला हवी हे माझ्या ध्यानात यायला पाच वर्षे लागली.

हा लेख शाळेच्या कार्यालयात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसांसाठी आहे. शाळेचा कारभार म्हटले की संस्थेचे ‘सचिव’ हे पदाधिकारी डोळ्यांपुढे येतात. कार्यालय प्रत्यक्षात चालवतात ते ‘भाऊसाहेब’ किंवा ‘ऑफिसच्या मॅडम’, आणि नेमणूकपत्रावर त्यांचे पद कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक किंवा मुख्य लिपिक असे काहीतरी असते.

आधी आपण कोठे उभे आहोत ते पाहावे

शाळा शंभर टक्के अनुदानित असेल आणि आपले पद मान्य असेल, तर पगार शासनाकडून शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून येतो व तो वाढवणे संस्थेच्या हातात नसते. तेथे मागायची गोष्ट निराळी आहे: वेतननिश्चिती बरोबर झाली आहे का, वार्षिक वेतनवाढ ठरलेल्या तारखेला लागली आहे का, आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची श्रेणी देणाऱ्या योजनेचा) प्रस्ताव वेळेवर गेला आहे का, आणि हे सर्व सेवापुस्तकात नोंदले आहे का. इतरांची सेवापुस्तके चोख ठेवणाऱ्या लिपिकाचे स्वतःचे पुस्तक दोन वर्षे मागे असते, हे मी अनेक शाळांत पाहिले आहे. अनुदानित शाळेतील वाचकाने हा लेख पुढे वाचण्याआधी ते पुस्तक काढून पाहावे.

पुढचे विवेचन मुख्यतः विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांपुरते आहे, कारण तेथे पगार फीमधून दिला जातो आणि त्याचा आकडा संस्था ठरवते.

अशा शाळांत ‘आमच्याकडे शासनाची स्केल लागू नाही’ हे वाक्य ठरलेले असते. वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा अनुदान मिळवणाऱ्या शाळांप्रमाणेच न मिळवणाऱ्या मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू होतो, त्यातील ‘कर्मचारी’ या शब्दात शिक्षकेतर कर्मचारी येतात, आणि १९८१ च्या नियमावलीत वेतनश्रेणींची अनुसूची आहे. कायदा असा आहे आणि व्यवहार कसा आहे हे आपण सगळेच जाणतो. म्हणून पहिल्या भेटीत कलमांची भाषा काढू नये असे माझे मत आहे. वेतनश्रेणी मोजपट्टी म्हणून जवळ ठेवावी, कारण तिच्यामुळे आपली मागणी अवाजवी नाही याची आधी आपलीच खात्री पटते.

ती मोजपट्टी अशी वापरता येते. सातव्या वेतन आयोगाच्या संरचनेत कनिष्ठ लिपिकाची श्रेणी १९,९०० रुपयांपासून आणि वरिष्ठ लिपिकाची २५,५०० रुपयांपासून सुरू होते. १९,९०० वर लागलेला लिपिक नऊ वार्षिक वेतनवाढींनंतर २६,००० रुपये मूळ वेतनावर पोहोचतो. महागाई भत्ता जुलै २०२४ पासूनच ५३ टक्के झाला होता. तेवढाच धरला तरी त्याचे १३,७८० रुपये होतात आणि बेरीज ३९,७८० वर जाते, घरभाडे भत्ता वेगळाच. हा आकडा संस्थेपुढे मागणी म्हणून ठेवायचा नाही. मात्र समोरून ‘तुम्हाला इतरांपेक्षा बराच पगार आहे’ असे म्हटले गेले, तर तो माहीत असणे उपयोगी पडते.

काम मोजावे: पुरावे आपल्याच कपाटात आहेत

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. ‘मी खूप काम करते’ हे वाक्य संस्थाचालकांनी प्रत्येकाकडून ऐकलेले असते, पण शाळेच्या लिपिकाकडे एक सोय अशी आहे की जी इतर फारच थोड्या नोकरदारांना असते. आपले बहुतेक काम अनुक्रमांक घेऊन बाहेर पडते. जावक नोंदवहीचा ३१ मार्चचा शेवटचा क्रमांक पाहिला की वर्षभरात किती पत्रे गेली ते कळते. शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या पुस्तकावर क्रमांक असतात, बोनाफाईडच्या स्थळप्रतींवर असतात, जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या कायम नोंदवहीत, दर वर्षीचे नवे प्रवेश मोजता येतात, फीच्या पावत्या मोजता येतात. पाच वर्षांपूर्वीचे आणि गेल्या वर्षीचे आकडे शेजारी-शेजारी लिहावेत.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा एका रविवारी दुपारी घरच्या जेवणाच्या टेबलावर वह्या उघडून बसले होते. (वह्या घरी नेण्यापूर्वी मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली होती; नोंदवही शाळेबाहेर न्यायची असेल तर ती घ्यावीच, आणि त्याहून बरे म्हणजे शाळेतच बसून आकडे उतरवून घ्यावेत.) पट साडेचारशेवरून सहाशेवर गेला होता हे मला माहीत होते, पण जावक क्रमांक दुपटीच्या वर गेला आहे, हे तोवर मी कधी पाहिलेच नव्हते.

आकड्यांत न मावणारे काम वेगळ्या कागदावर घ्यावे. आपल्या नेमणुकीच्या वेळी जी कामे अस्तित्वातच नव्हती आणि नंतर एकेक करून आपल्या टेबलावर आली, त्यांची ही यादी असते: यू-डायस या शाळांच्या देशव्यापी नोंदणीची ऑनलाइन माहिती, सरल प्रणालीतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, आधार पडताळणी, विद्यार्थ्यांचे ‘अपार’ ओळखक्रमांक, शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशांची कागदपत्रे, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, भविष्यनिर्वाह निधीचे मासिक चलन, व्यवसायकर. प्रत्येकापुढे ते काम कोणत्या वर्षी आले आणि त्यासाठी वेगळा माणूस मिळाला का, एवढेच लिहावे. बहुतेक ओळींपुढे ‘नाही’ हाच शब्द येईल.

शेवटी आपल्या अनुभवामुळे शाळेचे नुकसान टळले असे दोन-तीनच प्रसंग लिहावेत, पण तारखेसह. माझ्या कागदावर पहिला प्रसंग दहावीच्या आवेदनपत्रांचा होता. एका विद्यार्थिनीच्या आईचे नाव जनरल रजिस्टरमध्ये एक आणि अर्जात दुसरे होते; अर्ज पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक अर्ज रजिस्टरशी ताडून पाहते म्हणून ते सापडले. गुणपत्रिका छापून आल्यावर तीच चूक दुरुस्त करायची तर प्रतिज्ञापत्र, मंडळाच्या विभागीय कार्यालयातील खेटे आणि पालकांचा रोष, हे सर्व ओघाने आले असते. असा प्रसंग सांगताना चूक कोणाची होती हे सांगू नये, कारण वर्गशिक्षकाला उघडे पाडून मिळालेली पगारवाढ पुढे कार्यालयात बसू देत नाही.

आकडा ठरवावा

‘साहेब, तुम्हीच योग्य ते करा’ असे म्हणून आपण सभ्यता दाखवतो आणि पाचशे रुपयांची वाढ घेऊन बाहेर येतो. आकडा आपणच सांगितला पाहिजे, आणि तो कसा आला हेही सांगता आले पाहिजे.

समजा पगार २२,००० आहे आणि शेवटची वाढ पाच वर्षांपूर्वी झाली. महागाई दर वर्षी पाच टक्के धरली तरी तेव्हाच्या २२,००० रुपयांइतकी खरेदी करायला आज सुमारे २८,०७८ रुपये लागतात. म्हणजे २८,००० पर्यंतची रक्कम ही वाढ नव्हेच. ती पाच वर्षांत झिजलेल्या पगाराची भरपाई आहे. त्यावर वाढलेल्या कामाचे २,००० धरले की मागणी ३०,००० होते. हा आपला सांगायचा आकडा, आणि २८,००० ही मनातली रेषा, जिच्याखाली ‘विचार करून सांगते’ असे म्हणून उठायचे.

आता हाच हिशेब संस्थेच्या बाजूने मांडावा. महिना ८,००० म्हणजे वर्षाला ९६,०००. पट सहाशे असेल तर एका विद्यार्थ्यामागे वर्षाला १६० रुपये, महिन्याला तेरा-चौदा. आठ हजारांची वाढ ऐकून ज्यांच्या भुवया वर जातात, त्यांना महिन्याला तेरा रुपये ऐकून निदान पुढचे वाक्य ऐकावेसे वाटते.

आजूबाजूच्या शाळांत काय मिळते तेही विचारावे. त्यासाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या व्हरांड्याइतकी चांगली जागा नाही. सही व्हायला दोन तास लागणार असतात आणि बाकड्यावर चार शाळांचे भाऊसाहेब बसलेले असतात. मात्र नुसते ‘किती मिळतात’ असे न विचारता हातात किती येतात, पट किती, कार्यालयात माणसे किती आणि मे महिन्यात सुट्टी मिळते का, हे विचारावे. दोन माणसांत विभागलेल्या कामाचे २५,००० आणि एकट्याने ओढलेल्या कामाचे २५,००० यांची तुलना होत नाही.

वाढीची रचना कशी आहे हेही पाहावे लागते. ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे, महिन्याचे २६ दिवस धरून, मुख्यतः शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यावर काढली जाते. त्यामुळे सगळी वाढ ‘विशेष भत्ता’ या नावाखाली घेतली, तर आज हातात तेवढीच रक्कम येते पण निवृत्तीच्या वेळी ती जमेस धरली जाईलच असे नाही. दुसरा खड्डा कर्मचारी राज्य विमा योजनेचा. शाळा त्या योजनेत असेल, तर तिची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. वीस हजारांवरून साडेएकवीस हजारांवर गेलेला माणूस चालू अंशदान कालावधी संपल्यावर योजनेबाहेर पडतो. अंशदानाचे महिन्याला दीडशे रुपये वाचतात आणि कुटुंबाचे औषधपाणी मात्र खिशातून करावे लागते. आपण या उंबरठ्यावर असाल, तर वाढ आरोग्यविम्याचा हप्ता भरून उरेल एवढी मागावी.

वेळ: जूनमध्ये नव्हे, दिवाळीनंतर लगेच

बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये किंवा तक्ता टंकताना राग येतो तेव्हा मागतात. तोवर पैसे वाटून झालेले असतात. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार व्यवस्थापनाला पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव ते शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान सहा महिने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. शाळा जूनमध्ये सुरू होत असेल तर प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत जायला हवा. एप्रिलमध्ये सुरू होत असेल तर सप्टेंबरअखेरीस. म्हणजे ज्या कागदावर पुढच्या दोन वर्षांचे पगार ठरतात तो कागद दिवाळीच्या आसपास तयार होत असतो, आणि तो टंकतो कोण हे सांगायला नको.

याच कायद्यात फी ठरवताना विचारात घ्यायच्या बाबींमध्ये शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वेतन आणि वार्षिक वेतनवाढीसाठीची वाजवी रक्कम यांचा उल्लेख आहे. आपली वाढ त्या प्रस्तावात बसली, तर व्यवस्थापनाला ती खिशातून द्यावी लागत नाही. प्रस्तावातून राहून गेली, तर नंतर ‘तरतूद नाही’ हे उत्तर खरेच असते आणि पुढची संधी दोन वर्षांनी येते. म्हणून जून सुरुवातीच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपताच अर्ज द्यावा. दहावीची आवेदनपत्रे, लेखापरीक्षण किंवा तपासणी चालू असलेला आठवडा टाळावा. त्या दिवसांत मागणी केली की ती अडवणूक वाटते.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा, जोडपत्र फार तर दोन पानांचे. तो मुख्याध्यापकांना डावलून संस्थेकडे पाठवू नये. मी केलेल्या अर्जाचा मजकूर थोड्याफार फरकाने असा होता:

‘प्रति, मा. सचिव, (संस्थेचे नाव). मार्फत: मा. मुख्याध्यापिका. विषय: वेतनात सुधारणा होणेबाबत. महोदय, मी आपल्या शाळेत (दिनांक) पासून लिपिक पदावर कार्यरत आहे. माझ्या वेतनात यापूर्वीची वाढ (दिनांक) रोजी झाली. त्यानंतर शाळेचा पट ४५० वरून ६०० झाला असून कार्यालयीन कामात झालेली वाढ सोबतच्या विवरणपत्रात नोंदवहीतील क्रमांकांसह दिली आहे. या बाबी व दरम्यानची महागाई विचारात घेऊन माझे एकूण मासिक वेतन पुढील शैक्षणिक वर्षापासून रुपये ३०,००० करण्यात यावे आणि आगामी शुल्क प्रस्तावात त्याची तरतूद व्हावी, ही विनंती. याबाबत प्रत्यक्ष चर्चेसाठी वेळ मिळाल्यास आभारी राहीन.’

घरची अडचण, मुलांचे शिक्षण, गृहकर्जाचा हप्ता यांचा अर्जात उल्लेख करू नये. या गोष्टी खऱ्या असतात, पण त्या लिहिल्या की मागणीची याचना होते आणि उत्तरादाखल पगारवाढीऐवजी उचल मिळते. अर्ज घरी किंवा बाहेर छापावा. दोन प्रती काढाव्यात, एक आवक नोंदवहीत चढवावी आणि दुसरीवर क्रमांक, तारीख व मुख्याध्यापिकांची सही घ्यावी. आवक नोंद आपल्याच हातची असल्याने ती सही विशेष गरजेची आहे.

भेट

भेटीपूर्वी मुख्याध्यापकांशी एकदा बोलून घ्यावे. संस्थेच्या बैठकीत आपल्या बाजूने बोलणारे ते बहुधा एकटेच असतात आणि त्यांना आकडे तोंडपाठ असले की त्यांचेही काम सोपे होते.

प्रत्यक्ष भेटीत सुरुवात साधी असावी. ‘सर, अर्ज आपण पाहिला असेल. पाच वर्षांत काम किती वाढले ते या पानावर आहे. पाच मिनिटांत दाखवते.’ मग कागद त्यांच्याकडे सरकवावा, आकडा सांगावा आणि गप्प बसावे. गप्प बसणे आपल्याला फार जड जाते. आकडा सांगून झाल्यावर लगेच ‘म्हणजे थोडे कमी झाले तरी चालेल’ हे वाक्य आपल्याच तोंडून निसटते, आणि मी पहिल्या वेळी नेमके तेच बोलून बसले. त्या वर्षी मला दीड हजार मिळाले.

ठरलेली उत्तरे येतातच. ‘मॅडम, तुम्ही तर घरच्याच’ या वाक्याला हसून ‘म्हणूनच अर्ज बाहेर कोठे न देता आपल्याकडेच दिला’ एवढे म्हणावे. ‘शिक्षकांनाही एवढी देत नाही’ असे म्हटले, तर तुलना शिक्षकांशी न करता आपल्याच पाच वर्षांपूर्वीच्या कामाशी करावी. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे सर्वांत अवघड, कारण ते नकारासारखे वाटत नाही. त्यावर रक्कम आणि महिना विचारावा: ‘चालेल सर. जूनपासून २८,००० आणि उरलेले पुढच्या जूनपासून, असे कार्यवृत्तात येईल का?’

खरोखरच पैसे नसतील तर पदनाम मागावे. लिपिकाचा मुख्य लिपिक होणे पुढच्या नोकरीत आणि पुढच्या वाढीतही कामी येते. जून-जुलैसाठी एक मदतनीस, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च, रविवारच्या कामाची बदली रजा, स्वतःच्या मुलाच्या फीमध्ये सवलत, या मागण्याही रास्त आहेत.

एक गोष्ट मात्र कधी करू नये. पोर्टलचे पासवर्ड फक्त आपल्याला माहीत आहेत, आपण गेलो तर शाळा अडेल, असे सूचितही करू नये. मी उलट केले: कोणते काम कोणत्या महिन्यात, कोणत्या पोर्टलवर, कोणत्या कागदांसह होते याची एक फाइल तयार करून मुख्याध्यापिकांकडे दिली. सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढले. पण फाइलची जाडी पाहूनच संस्थेच्या खजिनदारांनी प्रथमच ‘हे सगळे एक माणूस करतो?’ असे विचारले.

होकारानंतर आणि नकारानंतर

तोंडी होकाराला वेतनपत्रकात रकाना नसतो. ठराव झाला का, त्याचा क्रमांक काय, वाढ कोणत्या तारखेपासून, मूळ वेतनात किती आणि भत्त्यात किती, उशीर झाल्यास फरक मिळणार का, हे लेखी आदेशात यावे आणि आदेशाची नोंद सेवापुस्तकात व्हावी. बँकेत एक रक्कम जमा करून तिचा काही भाग रोखीने परत मागण्याचा प्रकार ज्या शाळांत चालतो, तेथे बँकेचे उतारे आणि वेतनपावत्या घरी जपून ठेवाव्यात; वाढीची चर्चा आणि ही तक्रार एकाच दिवशी मांडू नये.

तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक देऊन दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे. नकार आला तर तो कशामुळे हे विचारून घ्यावे. पगारवाढ नाकारली म्हणून शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही. ते बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणे अशा गोष्टींसाठी आहे आणि तेथे तीस दिवसांची मुदत असते. वेतनश्रेणीच नाकारली जात असेल, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन आणि त्यापुढे वकिलाचा सल्ला हा रस्ता आहे. तो लांबचा आहे, आणि नोकरी टिकवून त्यावर चालायचे असेल तर शिक्षकेतर संघटनेसोबत चालावे.

दुसरी शाळा पाहायची ठरली, तर अनुभवपत्र आणि पुढचे नेमणूकपत्र हाती येईपर्यंत येथे काही बोलू नये. कायम कर्मचाऱ्याला नियमाप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एका महिन्याची. राजीनाम्याच्या दोन प्रती काढून दोन्हींवर सही व तारीख घालायची, एक रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची, अशी पद्धत १९७७ च्या कायद्यातच दिली आहे. त्यामुळे बैठकीतून रागाने बाहेर पडल्यावर कोणी पुढे केलेल्या टंकलिखित कागदावर, विशेषतः तारखेची जागा कोरी असेल तर, सही करू नये.